‘तत्त्वज्ञान घेऊन खाणार काय?’ : एक प्रतिवाद

गेल्या जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस लांबलेला आणि पेरण्या खोळंबलेल्या असताना, जळगाव जिल्ह्यातील एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलीसह माझ्याकडे आले. सेवानिवृत्त होऊन मला तीन वर्षे झाली असली, तरी ज्या महाविद्यालयात मी तत्त्वज्ञान शिकविले तेथील विभागात आठवड्यातून एक-दोन वेळा जाऊन बसण्याचा माझा परिपाठ आहे, आणि प्रवेशाच्या दिवसांत कोणी या विषयाची चौकशी करीत आले, तर कार्यालयातील मंडळी त्याला माझ्याकडे धाडून देतात. मुलगी दुसऱ्या तालुक्यातील महाविद्यालयातून बी.ए.ला प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेली. तत्त्वज्ञान हाच तिचा मुख्य विषय, आणि एम.ए.लाही तोच घ्यावयाचा हा तिचा निश्चय. वडील बराच वेळ टोपी गुडघ्यावर ठेवून नुसते ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘सर, पोरगी हुशार आहे, ते मला कोणी सांगायला नको. पण तत्त्वज्ञान घेऊन ती खाणार काय, तेवढं मला खरं खरं सांगा. गोड बोलू नका.’’

हाच विषय त्याच्या चार महिने आधी मी एका व्यासपीठावरून निघालेला ऐकला होता. पारितोषिक-वितरणाच्या समारंभास आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी असे प्रतिपादन केले की, ज्या विद्येला बाजारात मागणी नाही ती सरकारी खजिन्यातून शिकविण्याचे प्रयोजन उरलेले नाही, आणि तत्त्वज्ञान हा तर मुलांची लग्ने उरकल्यावर, पेन्शन सुरू झाल्यावर, निवांतपणे घरी वाचण्याचा विषय आहे. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत त्या विषयाचे विद्यार्थीही होते, ही गोष्ट मला त्या दिवसापासून सलत राहिली आहे. शेतकऱ्याने विचारला तो प्रश्न होता, आणि पाहुण्यांनी दिला तो निवाडा होता. प्रश्नाला उत्तर द्यावयाचे असते. निवाड्याविरुद्ध दाद मागावयाची असते. त्या गृहस्थांना मी माझ्या बुद्धीप्रमाणे उत्तर दिले. दाद येथे मागत आहे.

आपल्या शास्त्रकारांची रीत अशी की, स्वतःचे मत मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही समर्थपणे मांडावयाचे. ज्याला पूर्वपक्ष नीट उभा करता येत नाही त्याला सिद्धान्ताचा अधिकार नाही, असे मी वर्गात शिकवीत आलो, तेव्हा येथेही ती शिस्त मोडून चालणार नाही. पाहुण्यांचे म्हणणे त्यांनी मांडले त्याहून बळकट आहे, आणि ते असे मांडता येईल. एकवीस ते तेवीस ही वर्षे कोरडवाहू जमिनीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने अत्यंत महाग असतात. त्या दोन वर्षांत दुसरे मूल कमावू लागते, धाकट्या भावाची फी भरते, सोसायटीचे कर्ज फेडते. एम.ए. झाल्यावर अध्यापनाचा मार्ग म्हणावा, तर त्यासाठी नेट किंवा सेट ही पात्रता-परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, पुढे पीएच.डी.ची चार-सहा वर्षे जातात, आणि एवढे सारे झाल्यावर ज्या जागेसाठी अर्ज करावयाचा ती जागाच जाहिरातीत नसते. असते ती तासिका तत्त्वावरची नेमणूक, जिला ना उन्हाळ्याचा पगार, ना रजा, ना पुढच्या वर्षाची शाश्वती. तिशी ओलांडलेला, पदव्यांनी वाकलेला मनुष्य दोन महाविद्यालयांच्या दरम्यान मोटारसायकलवर तासिका गोळा करीत हिंडतो, हे दृश्य कल्पनेतले नव्हे. आणि ग्रंथ तर सर्वत्र उपलब्ध आहेत: उपनिषदे आहेत, प्लेटो आहे, कांट आहे, ज्याला हवे त्याने घरी वाचावे, विद्यापीठाने पदवी दिल्याने ते ग्रंथ अधिक खरे होत नाहीत. असा हा पूर्वपक्ष आहे, आणि त्यातील दारिद्र्याचे जे वर्णन आहे ते अक्षरशः खरे आहे, याची मी आरंभीच कबुली देतो.

ही कबुली आमच्या विषयाचे कैवारी सहसा देत नाहीत, आणि तेथेच ते विषयाचे अधिक नुकसान करतात. त्यांतील काहीजण थोरामोठ्यांची नामावळी वाचून दाखवितात, अमुक उद्योगपती तत्त्वज्ञानाचा पदवीधर होता, तमुक न्यायाधीश होता. जणू काही लॉटरी लागलेल्यांची नावे वाचली की तिकीट काढण्याचा सल्ला सिद्ध होतो. दुसरे काहीजण त्यागाची भाषा करतात आणि आगरकरांचे उदाहरण देतात. इतिहास आणि तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. होत असताना त्यांनी आपल्या आईला लिहिलेले पत्र महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले आहे: मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा न धरता पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून लोकांच्या कामी आयुष्य घालविण्याचा तो संकल्प वाचून आजही मन भरून येते. परंतु त्याग करणाऱ्याच्या हाती त्यागण्यासारखे काही असावे लागते. आगरकरांच्या समोर सरकारी नोकरीचे दार उघडे होते, म्हणून त्याकडे पाठ फिरविण्यात त्याग होता. ज्या मुलीच्या समोर दारच नाही तिला त्यागाचे माहात्म्य ऐकविणे, म्हणजे तिच्यावर होणाऱ्या अन्यायाला पावित्र्याचे वस्त्र नेसविणे होय, आणि ते मी करणार नाही.

मग दाद कशाची मागावयाची? प्रथम या गोष्टीची की, जागा नाहीत म्हणून विषय निरुपयोगी ठरत असेल, तर जागा का नाहीत, याची चौकशी कोणीतरी करावी. मी ती प्रक्रिया स्वतःच्या विभागात पायरीपायरीने पाहिली आहे. महाविद्यालयात एखाद्या विषयाचे पद टिकते ते कार्यभारावर. सहायक प्राध्यापकाने आठवड्यास १६ तास प्रत्यक्ष शिकवावे असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे, आणि तेवढे तास भरतील इतके वर्ग असले तर पद राहते. आता समजा, एक प्राध्यापक मे महिन्यात निवृत्त झाला. भरतीला मंजुरी नाही, म्हणून त्याचे पद रिकामे राहते. त्याच्या जागी तासिका तत्त्वावर माणूस घ्यावयाचा, तर त्यासाठी जाहिरात, मुलाखत, मान्यता या सोपस्कारांत ऑगस्ट उजाडतो, कधी सप्टेंबरही. परंतु विद्यार्थी विषय निवडतात ते जून-जुलैमध्ये. त्या दिवसांत एखादी मुलगी विभागाच्या दाराशी येते, दाराला कुलूप पाहते, शेजारच्या विभागात शिक्षक बसलेले पाहते, आणि शेजारचा विषय घेते. अशा रीतीने पहिल्या वर्षी तुकडी निम्मी होते, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मी. तिसऱ्या वर्षी कार्यभार तपासणारा अधिकारी येऊन सद्‌भावनेने नोंद करतो की विद्यार्थिसंख्येअभावी सदर पदाची आवश्यकता दिसून येत नाही. पद रद्द होते. आणि मग व्यासपीठावरून सांगितले जाते की या विषयाला मागणी उरलेली नाही. विहिरीचा दोर कापून टाकावा, आणि पाणी भरायला कोणी येत नाही म्हणून विहीर बुजवावी, असा हा न्याय आहे. यात कोणा एका व्यक्तीचा दुष्ट हेतू मला दिसत नाही. प्रत्येकाने आपापल्या टेबलावरचे काम नियमानुसार केलेले असते. तथापि कार्याला कारण आणि कारणाला कार्य समजण्याची जी चूक आम्ही तर्कशास्त्राच्या पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांना ओळखायला शिकवितो, तीच येथे शासननिर्णयाच्या भाषेत अवतरते, आणि ती ओळखून दाखविणारा विभागच तिच्यामुळे बंद पडतो.

‘बाजारात मागणी नाही’ या वाक्याचे एवढे परीक्षण पुरे. पूर्वपक्षातील अधिक गंभीर भाग दुसरा आहे: ग्रंथ घरी वाचावेत, विद्यापीठ कशाला? या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे तर मला वर्गात जावे लागेल, कारण हा आक्षेप घेणाऱ्याने तो वर्ग पाहिलेला नसतो.

एम.ए.च्या पहिल्या सत्रात मी अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हा न्यायशास्त्राचा प्रवेशग्रंथ लावीत असे. पुस्तक लहान आहे. अंगणात खाट टाकून एका दुपारी वाचून होईल. ते शिकविताना लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष येतात, आणि ते समजाविण्यासाठी परंपरेने गाईचे उदाहरण ठरलेले आहे. गाय म्हणजे तपकिरी रंगाचा प्राणी, असे म्हटले तर पांढऱ्या आणि काळ्या गाई व्याख्येबाहेर राहतात, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी, असे म्हटले तर म्हैस आणि बोकडही आत येतात, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकसंध खुराचा प्राणी, असे म्हटले तर एकही गाय त्यात बसत नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो; हा असंभव. हे ऐकून विद्यार्थ्यांना वाटते की समजले, आणि वाचणाऱ्यालाही तसेच वाटेल. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर एकच शब्द लिहीत असे, ‘चोरी’, आणि सांगत असे की याची व्याख्या करा. वर्गात अकरा विद्यार्थी असलेले एक वर्ष मला स्पष्ट आठवते. पहिली व्याख्या आली: दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणे. मागच्या बाकावरून एकाने विचारले, आईच्या डब्यातले पैसे घेतले तर? दुसरी व्याख्या आली, तिने आईचा डबा सांभाळला, पण रस्त्यात सापडलेले पाकीट तीतून निसटले. तिसरीत पाकीट आले, तर धरणासाठी सरकारने घेतलेली जमीन तिच्या आत येऊन बसली, आणि वर्गात धरणग्रस्त गावचा एक मुलगा होता, तो एकदम उभा राहिला. पुढचे दोन तास त्या एका शब्दात गेले. दोन तासांनंतर प्रत्येकाला कळले होते की आपण आयुष्यभर वापरलेल्या शब्दाच्या सीमा आपल्याला ठाऊक नव्हत्या, आणि त्या आपल्या आपण सापडल्या नसत्या.

या शेवटच्या गोष्टीवर माझा सारा भर आहे. आपल्या व्याख्येची अतिव्याप्ती आपल्याला दिसत नाही. ती दुसऱ्याला दिसते. ग्रंथ कितीही थोर असला, तरी वाचकाने त्याचा चुकीचा अर्थ घेतला तर तो पानावरून उठून वाचकाचा हात धरीत नाही. तो हात धरण्यासाठी समोर माणूस असावा लागतो, आणि असा माणूस असावा लागतो की ज्याने आपले विचारही पूर्वी कोणाकडून तरी तपासून घेतलेले आहेत. पोहणे पुस्तकातून शिकता येत नाही, हे सर्व मान्य करतात. विचार करणे मात्र पुस्तकातून आपोआप येते, असे का मानले जाते, हे मला कधी उमगलेले नाही. शिवाय हे शिक्षण निवृत्तीनंतर घ्यावे, या सल्ल्यात एक क्रूर उशीर आहे. साठाव्या वर्षापर्यंत मनुष्याने ज्या काही व्याख्या करावयाच्या त्या करून झालेल्या असतात: कोणाला पात्र म्हणावे, कोणाला गुन्हेगार म्हणावे, कोणाला आपला म्हणावे. त्या व्याख्यांखाली जे सापडावयाचे ते सापडलेले असतात.

निवृत्तीचाच दाखला हवा असेल, तर दि. य. देशपांडे यांचा घ्यावा. त्यांनी नागपुरातून १९९० साली ‘आजचा सुधारक’ हे मासिक सुरू केले ते सेवानिवृत्तीनंतर. परंतु त्या मासिकातील एकेका वाक्याला जी धार होती, ती वर्षानुवर्षे वर्गात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकविताना लागलेली होती. पेन्शनने त्यांना सवड दिली, विद्या दिली नाही.

त्या अकरा जणांपैकी एकजण पुढे राज्यसेवेची परीक्षा देऊन महसूल खात्यात गेला. त्याची एक हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येचे प्रकरण आले की मृताच्या वारसांना शासनाकडून १ लाख रुपयांचे साहाय्य द्यावयाचे की नाही, हे ठरविण्यासाठी चौकशी होते, आणि प्रकरणावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. चौकशीत पाहिले जाते ते हे की जमीन मृताच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या नावे आहे काय, बँकेचे वा सोसायटीचे कर्ज आहे काय, वसुलीचा तगादा होता काय. एके दिवशी त्याच्यापुढे जे प्रकरण आले, त्यातील मनुष्य वीस वर्षे एकाच शिवारात राबत होता, पण बटईने. सातबारा दुसऱ्याच्या नावचा, तो मालक शहरात नोकरीला. कर्ज होते ते बियाणे विकणाऱ्या दुकानदाराचे आणि एका नातलगाचे, ज्याचा कागद नाही. नियमाप्रमाणे हा मनुष्य शेतकरी नव्हता. माझ्या विद्यार्थ्याने मला रात्री फोन केला आणि पहिलेच वाक्य उच्चारले, ‘‘सर, आज अव्याप्ती पाहिली.’’ पुढे बराच वेळ तो बोलू शकला नाही.

प्रकरण अपात्रच ठरले. नियम बदलण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि तो बदलल्याचा देखावा करणे ही अप्रामाणिक गोष्ट झाली असती. परंतु त्याने फायलीला दीड पानाची स्वतंत्र टिपणी जोडली. तीत त्याने दयेची याचना केली नाही. त्याने एवढेच दाखविले की ज्याच्या नावे सातबारा तो शेतकरी, अशी व्याख्या केली असता बटाईदार बाहेर राहतो, दुसऱ्याच्या शेतात जन्मभर निंदणी-खुरपणी करणारी बाई बाहेर राहते, आणि वीस वर्षांत बांधावर पाऊल न ठेवलेला खातेदार मात्र आत येतो. म्हणजे एकाच लक्षणात अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे दोन्ही दोष आहेत. हा दोष त्या एका नियमापुरता नाही. २०१९ पासून जी केंद्राची किसान सन्मान निधी योजना चालू आहे, तीतही वर्षाचे ६,००० रुपये मिळतात ते भूमी-अभिलेखात नाव असणाऱ्या कुटुंबाला. याउलट स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या शिफारशींनंतर २००७ साली जे राष्ट्रीय शेतकरी धोरण आले, त्यात शेतकरी या शब्दाखाली बटाईदार, कूळ, शेतमजूर यांनाही घेतलेले आहे. एकाच शब्दाच्या दोन सरकारी व्याख्या आहेत, आणि त्या दोहोंच्या मधल्या अंतरात माणसे उभी आहेत. हे अंतर मोजण्याची विद्या कोणत्या खात्यात शिकवितात, हे पाहुण्यांनी मला सांगावे.

आता ‘खाणार काय’ या प्रश्नाचा रोख हिशेब. तो मी त्या गृहस्थांपुढे मांडला तसाच येथे थोडक्यात मांडतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा आहे, आणि २०१३ पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची एक प्रश्नपत्रिका सर्वांनाच अनिवार्य आहे. पण त्या परीक्षेत यश मिळविणारे मूठभर असतात, हेही मी त्याच दमात सांगितले. कनिष्ठ महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकविले जाते, तेथे काही जागा असतात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि ती मिळविण्याइतकी ही मुलगी हुशार आहे. कायद्याची तीन वर्षे पुढे जोडली, तर वकिली आहे, आणि दस्तऐवजातील एका शब्दावर कज्जे उभे राहतात हे शेतकऱ्याला मी काय सांगावे! औषधांच्या मानवी चाचण्यांना परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य असावेत, आणि त्यांपैकी बाहेरच्या क्षेत्रातील म्हणून ज्यांची निवड करता येते त्यांत समाजशास्त्रज्ञाबरोबर तत्त्वज्ञाचाही उल्लेख २०१९ च्या नियमावलीत नावानिशी आहे. एवढे सांगून झाल्यावर मी त्यांना हेही सांगितले की, यांपैकी एकही गोष्ट निश्चित नाही, दोन वर्षांनंतर हाती दुसरा एखादा आधार असलाच पाहिजे, आणि तो कोणता हे तिने पहिल्या वर्षीच ठरवावे. गोड बोलू नका, असे त्यांनी बजावले होते.

एक आक्षेप उरतो, आणि तो शिकल्या-सवरल्या लोकांच्या तोंडी दयेच्या रूपाने येतो: पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरांतील मुलांनी असल्या विषयाच्या फंदात पडू नये, तो खाऊनपिऊन सुखी असणाऱ्यांसाठी आहे. या दयेचा मला मनस्वी राग येतो. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांइतकी प्रत्येक तासाचा हिशेब ठेवण्याची निकड आणखी कोणाला होती? त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. तरीही जॉन ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गांत ते जाऊन बसले, आणि १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदाविषयीचे, लाहोरला होऊ न शकलेले ते भाषण त्यांनी स्वतः छापले, तेव्हा त्यात आपल्या या गुरूचे ऋण नाव घेऊन मान्य केले. ड्यूईंच्या वर्गातील ते तास त्यांच्यासाठी चैन होती काय? ज्यांना शतकानुशतके दुसऱ्यांनी केलेल्या व्याख्यांखाली जगावे लागले, त्यांनाच व्याख्या तपासण्याच्या विद्येची सर्वांत अधिक गरज असते. ती विद्या त्यांच्यापासून त्यांच्याच पोटाची काळजी वाहून दूर ठेवणे, हे मी अन्नाच्या नावाने केलेले वंचन मानतो.

ज्या जिल्ह्यातून ते गृहस्थ आले होते, त्याच जिल्ह्यात या प्रश्नाचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन झालेले आहे, ही गोष्ट मी त्यांना सांगितली, आणि ती त्यांना अर्धवट ठाऊक होती. अमळनेरचे गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले. नावात मंदिर असले तरी ते अभ्यासाचे ठिकाण होते: अभ्यासकांनी येथे राहावे, त्यांच्या निर्वाहाची चिंता संस्थेने वाहावी, आणि त्यांनी वेदान्ताचा आणि पाश्चात्त्य दर्शनांचा विचार करावा, अशी ती योजना. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी कलकत्त्याहून कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा या देशातील मोठा दार्शनिक येऊन १९३३ ते १९३५ संचालक म्हणून राहिला; रासबिहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती तेथे होते. घनश्यामदास मलकानी यांनी तेथून इंग्रजी तत्त्वज्ञान-त्रैमासिक वर्षानुवर्षे चालविले. आणि तेथेच एक गरीब कोकणी तरुण तत्त्वज्ञानाचा अभ्यास करावयाला आला, १९२४ मध्ये त्याच गावच्या शाळेत शिक्षक झाला, आणि साने गुरुजी म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला. प्रतापशेठ व्यापारी मनुष्य होते, जमाखर्च त्यांना कोणी शिकवावयाला नको होता. विचार करणाऱ्याला खावे लागते, एवढे त्यांना समजले होते, म्हणून त्याच्या खाण्याची तजवीज त्यांनी आधी केली.

मराठीत तत्त्वज्ञानावर जे काही भक्कम काम झाले, ते याच तजविजीतून झाले. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड निघाले. त्यांतील नोंदी लिहिणारी मंडळी बहुतांशी ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत पगारावर शिकविणारी होती. मे. पुं. रेगे मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात शिकवीत होते आणि ‘नवभारत’ मासिक चालवीत होते. १९८३ मध्ये त्यांनी आणि तत्त्वज्ञ दयाकृष्ण यांनी मिळून पुण्यात एक अपूर्व उद्योग केला: रसेलची विधानाविषयीची कल्पना संस्कृतात उतरवून ती न्यायशास्त्र-मीमांसेच्या परंपरागत पंडितांपुढे ठेवली, आणि तुमचे यावर काय म्हणणे आहे, असे विचारले. दोन परंपरा, ज्या एकाच देशात राहून एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या समोरासमोर बसून वाद करू लागल्या. त्याचा ग्रंथ ‘संवाद’ या नावाने १९९१ मध्ये निघाला. असला प्रयोग ज्याला सुचतो, त्याला रसेलही समजलेला असावा लागतो आणि नव्यन्यायाचा गदाधरही, आणि ते समजण्यासाठी आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे कोणीतरी त्याला सुरक्षित ठेवावी लागतात. ती सुरक्षितता पूर्वी अकरावी-बारावीच्या आणि बी.ए.च्या वर्गांवरच्या एका साध्या, कायम नोकरीने दिली. त्या नोकऱ्या आपण बुजवीत आहोत, आणि पुढच्या महाकोशाची अपेक्षा मात्र ठेवीत आहोत.

ते गृहस्थ उठले तेव्हा दुपारची एस.टी. गाठावयाची होती. प्रवेशाची मुदत कधी संपते, ते त्यांनी विचारून खिशातल्या डायरीत लिहून घेतले, आणि ‘‘घरी बोलतो,’’ एवढेच म्हणाले. मुलगी मागे रेंगाळली. प्रवेश नक्की होईपर्यंत तर्कसंग्रह वाचावयाला मिळेल काय, असे तिने विचारले. विभागाच्या काचेच्या कपाटात तिला त्याच्या सहा प्रती ओळीने लावलेल्या दिसत होत्या. कपाटाला कुलूप होते. मी कार्यालयात जाऊन किल्ली मागितली. तेथील कारकुनाने नोंदवही उघडून पाहिली आणि अदबीने सांगितले की, किल्ली गतवर्षीच्या तासिका-प्राध्यापकांनी मार्चअखेर जमा केलेली आहे, आणि नवी नेमणूक होऊन त्या नावाने पोच झाल्याखेरीज ती कोणाच्याही हवाली करता येत नाही.